चार माझे, तेरा कुणाचे?

४ मार्च
पुन्हा फ्यूज उडाला! सकाळी सात वाजता. दातांच्या डॉक्टरचा पांढरा शर्ट अर्धा दाबून झाला होता. जिन्यातले दिवे गेले आणि वरच्या मजल्यावरून बिल्डिंगचे सेक्रेटरी ओरडतच उतरले – "आजी, तुमची इस्त्री सगळी वीज गिळते!" मी म्हटलं, इस्त्रीला तोंड नाही, तुम्हाला आहे.

झालं! दुपारी भिंतीवर कागद. एकतीस तारखेच्या आत जिन्याखालची जागा रिकामी करा. बावीस वर्षं इथे लोकांच्या घड्या घालते. आता टेबल कुठे नेऊ, डोक्यावर?

५ मार्च
नात म्हणाली, "आजी, भांडू नकोस. मोजू." ती दहावी, मी तिसरी. दोघी मिळून तेरावी!

तिने समजावलं. व्होल्ट म्हणजे मागून रेटा. अँपिअर म्हणजे वीज किती वाहते. रेट्याला वाहण्याने भागलं की अडवणूक निघते, ती ओहम. दोन्ही गुणले की किती राबतंय ते कळतं, ते वॅट. "कळलं का?" म्हणे. मी म्हटलं, त्यात काय – सासू रेटते, सून अडवते, त्यातून जेवढं पुढे सरकतं तेवढा संसार. पोरगी हसून हसून लोळली. मग म्हणाली, बरोबरच आहे गं.

७ मार्च
वायरमनकडून मीटर मागून आणलं. चिमट्यासारखं तारेला धरतात. माझी इस्त्री – व्होल्ट दोनशे छत्तीस, अँपिअर चार. नात मोबाईल शोधत बसली. मी तोंडीच सांगितलं. साठ चोक दोनशे चाळीस, चार जास्त झाले, म्हणजे एकोणसाठ ओहम. गुणाकार नऊशे चव्वेचाळीस वॅट. एवढ्याने फ्यूज उडत नाही, असं ती म्हणते. तिने सगळं कागदावर उतरवलं. उद्या सेक्रेटरींच्या नाकावर टिच्चून देणार.

८ मार्च
नाक माझंच कापलं गेलं.

"आजी, इथे सहा नऊ लिहिलंय. फोन सांगतो पाच नऊ. साधा भागाकार येत नाही आणि आम्हाला वीज शिकवता?" जिन्यात दोघं-तिघं हसले. कागद परत हातात.

नातीने ऐकलं एकोणसाठ, लिहिलं ६९! इंग्रजी शाळा. रडायलाच लागली. मी म्हटलं, डोळे पूस, चूक तुझी नाही, आपल्या आकड्यांची. सत्तावन्न, अठ्ठावन्न नीट चालत येतात, आणि नवावर आलं की पुढच्या घरचं नाव लावतात. साठ अजून आलेला नाही, तरी हा त्याच्या नावाने मिरवतो! एकोण म्हणजे एक कमी – हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दहा वर्षं शाळा! एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत घसा बसेतो म्हणून घेतलं.

९ मार्च
कागद नको. मीटरच लावायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

११ मार्च
सकाळी सात. मी, नात, सेक्रेटरी, वायरमन. शिवाय दूधवाला, फुकटचा.

इस्त्रीची पिन काढून हातात धरली. "बघा, बंद आहे." वायरमनने जिन्याच्या लाइनला मीटर धरलं – तेरा! मग मी पिन लावली – सतरा. वायरमन म्हणाला, "फ्यूजची तार पंधराची आहे. थोडा वेळ धरते, मग वितळते."

पिन लावलीच नसती तर माझं काही दिसलं नसतं. पण मापात पाप करायचं नाही. म्हटलं, "चार माझे. तेरा कुणाचे?"

वायरमन तारेचा माग काढत वर गेला आणि तोंड पाडून खाली आला. सेक्रेटरींचा पाणी तापवायचा नवा हीटर, जिन्याच्या लाइनवर जोडलेला!

"कुठल्या गाढवाने जोडला?" सेक्रेटरी कडाडले.

"मीच," वायरमन म्हणाला.

दूधवाल्याचं दूध सांडलं हसता हसता.

नातीने तिथेच मांडलं. हीटर – अठराच्या आसपास ओहम, तीन हजारांच्या वर वॅट. म्हणजे माझी इस्त्री एकोणसाठ अडवते, हा जेमतेम अठरा. जो कमी अडवतो तो जास्त खातो. घरोघरी हेच! या खेपेला तिने एकोणसाठ बरोबर लिहिलं. मी बघितलं.

१२ मार्च
हीटरची लाइन बदलली. भिंतीवरचा कागद तसाच.

१९ मार्च
आठ दिवस झाले, फ्यूज शाबूत. कागदही शाबूत. विचारलं तर म्हणतात, "कमिटी बघेल." कमिटी म्हणजे ते, त्यांचा मेहुणा आणि एक रिकामी खुर्ची.

२६ मार्च
नात म्हणते, होईल गं नीट. मी म्हटलं, तुझ्या तोंडात साखर. पण टेबलाचे नट तेल घालून सैल करून ठेवले.

३१ मार्च
नट काढायला पाना घेऊनच बसले होते. सात वाजता जिन्यात पावलं वाजली. पाच जण. एकाच्याही हातात कपडे नाहीत! एकीच्या हातात मिक्सर, एकाकडे टेबलफॅन, तिसरा शेगडी घेऊन. सगळ्यांत मागे सेक्रेटरी, पाण्याची मोटर छातीशी धरून – "आजी, कागद फाडून टाकला. ही किती खाते तेवढं सांगा."

म्हटलं, रांगेत उभे राहा.