नाव बदललेली मुलगी

प्रिय बापाक,

परवा मी वरच्या वाडीपर्यंत आले आणि तुमची मुलगी असून तुम्हाला न भेटता शहरात परतले, हे एव्हाना तुमच्या कानावर आलंच असेल. रागावू नका. मी अजून सावरले नाहीये, आणि हे तुमच्यासमोर बोलायची माझी छाती झाली नाही.

आमच्या वॉर्डातल्या एका सहा वर्षांच्या मुलीला शोधायला आले होते. रक्ताचा कर्करोग. पहिल्या दोन महिन्यांच्या औषधांनी इतकी सुधारली की आम्ही तिला घरी सोडलं. पुढे दोन वर्षं औषधं घ्यायला येत राहायचं होतं. ती परत आलीच नाही. असे आईबाप मला नवे नाहीत. इतकी वर्षं त्यांना निष्काळजी म्हणत आले, तोंडावरसुद्धा. वाडीत टोफू तळणाऱ्या बाईला मुलीचं नाव सांगितलं, तर ती झारा हातात धरून बघतच राहिली. "त्या नावाचं इथे कोणी नाही हो! आणि पुन्हा उच्चारू नका ते, गेलेलं दुखणं मागे फिरेल."

मग कळलं. पोरीला नाव जड झालं, ते पेलवेना म्हणून ती आजारी पडली, असं सांगून तुम्हीच ते बदललंत, नव्या नावाची लाल-पांढरी खीर वाटलीत. आता ती रहायू, म्हणजे सुखरूप. आम्ही फोन करायचो जुन्या नावाने, आणि तिची आई पार्ती ते ऐकताच घाबरून फोन ठेवून द्यायची.

पार्तीने मला चहा दिला. म्हणाली, "एक तारीख चुकली, सिस्टर. धाकटा शेजारणीकडे रडून रडून आजारी पडला होता. मग तुम्ही ओरडाल म्हणून यायचा धीरच होईना. आता बघा ना, केस आले, गाल आले!" आणि हसून म्हणाली, "तुमचंही नाव गुरुजींनी बदललं होतं ना? तुम्ही जगलात, नर्स झालात. तुमच्याकडे बघूनच तर आम्ही औषध सोडलं." अंगणात रहायू दोरीवरच्या उड्या मारत होती. तिच्या नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. ते ठिपके मी ओळखते, बापाक. दुखणं परतलं असणार. मी किती विनवलं, पण पार्ती म्हणाली, डास चावलेत.

आता जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. पाच वर्षांची असताना मला विषमज्वर झाला, तुम्ही माझं नाव बदललंत. दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस, तुम्ही शाळेत गेलात की आई मला पाठीशी बांधून घाटाखालच्या दवाखान्यात इंजेक्शनला नेत होती. तुमच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून तिने ते लपवलं. शेवटच्या आजारात मला सांगितलं, आणि तुमचं मन मोडेल म्हणून मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची आज मला लाज वाटते.

वाडी माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तिथे सगळ्यांसमोर सांगा की तुमची मुलगी नुसत्या नावाने वाचलेली नाही. फार मोठं मागतेय, ठाऊक आहे. रहायू हेच नाव मी दवाखान्याच्या कागदांवर लिहून घेतलंय, ते कोणी बदलणार नाही. माझ्यावर, आईवर काय रागवायचं ते नंतर रागवा. आज आधी चपला घाला आणि वर वाडीत जा.

तुमचीच,
विलुजेंग