अण्णांनी भरलेला अर्ज

सोलापूर, १२ जानेवारी

तीर्थरूप अण्णांना पायलचा नमस्कार.

डॉक्टरांनी खांद्याला विश्रांती सांगितली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. त्यांनी टेनिसच्या स्पर्धा कायमच्या थांबवायला सांगितल्यात, आणि मी थांबवल्यात. तुम्हाला लागेल म्हणून लिहिलं नाही.

पण मला न विचारता तुम्ही पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरलात! आई फोनवर म्हणाली, "ते म्हनत्यात, पोरगी नुसती दमलीय, खेळंल की परत." अण्णा, माझी वेणीसुद्धा शेजारच्या काकू घालतात.

खळ्यावर जाळीऐवजी दोरी बांधून तुम्हीच शिकवलंत, आपला बॉल रेषेबाहेर पडला तर आपणच सांगायचं. मग आता सांगतेय तर ऐका की!

जेवण वेळेवर होतं. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

नाव मागे घेऊन निवृत्तीचं पत्र मी देणार आहे शुक्रवारी, १६ तारखेला.

तुमची,
पायल