चाफ्यावरचं बिऱ्हाड

१९ ऑक्टोबर १९६१, दसरा

आजपासून मी कुणाचा विद्यार्थी नाही आणि कुणाचा गडीही नाही. गवीपूरला गोदूबाईंच्या मागच्या अंगणातली खोली मिळाली. एक खिडकी, एक खुंटी, आणि कौलं सरकलेली आहेत तिथून थोडं आभाळ. पण आपली खोली. काल खंडेनवमीला कुऱ्हाड, करवत, कोयता आणि काथ्याचा दोर मांडून पूजा केली, इथल्या रीतीनं दारात कोहळा फोडला. गोदूबाई हळदकुंकू वाहायला आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या खानापुरात झाडं संपली म्हणून इथं आलास होय रे ज्योतिबा? त्या पाच पिढ्यांच्या बेंगळूरकर मराठा. त्यांच्या मराठीत दर दोन शब्दांमागे एक कानडी. स्वल्प म्हणजे जरा बस, सरी म्हणजे बरं, आता खा, असं म्हणून त्यांनी एवढं वाढलं की दुपारी मला वाकता येईना.

कॉलेज ऑगस्टमध्ये सुटलं. प्रयोगशाळेत सरांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली, मुलं हसली, आणि मी परीक्षानळ्यांची घोडी उचलून भिंतीवर मारली. माफी मागितली असती तर आज इंटरच्या वर्गात असतो. नाही मागितली. मग व्यंकोजीच्या हाताखाली झाडं तोडायला लागलो. जंगलातल्या पोराला चढायला शिकवावं लागत नाही, पाडायला मात्र शिकावं लागतं. आता व्यंकोजीच म्हणाला की तू तुझं बघ, माझे गुडघे आता जमिनीवरच बरे.

आणि नयना. हे वहीत पहिल्यांदाच लिहितो आहे. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत नाटक होतं, ती पडद्याआडून वाक्यं सांगायची आणि मी ती मुद्दाम विसरायचो. तिनं मला सांगितलं आहे: स्वतःच्या पायावर उभा राहा, मग सरळ येऊन माझ्या वडिलांना विचार. तर हे पाय, आणि हा दसरा.

२५ ऑक्टोबर

हनुमंतनगरात नारळ साफ केले, एका वकिलाच्या घरावर आलेली आंब्याची फांदी काढली. फांदी काढायला काही रीत लागत नाही. अख्खं झाड पाडायचं असेल तर मात्र व्यंकोजीची एक पद्धत आहे आणि तो ती सोडत नाही. आदल्या संध्याकाळी बुंध्याला हळदीचा दोरा बांधायचा, पानावर दहीभात ठेवायचा आणि वर बघून, झाडात जे कोण राहत असेल त्याला सांगायचं की बाबांनो, उद्या हे झाड जाणार, तुम्ही अमुक झाडावर जा. झाडाचं नाव-गाव सांगावंच लागतं. भाडेकरू काढायचा तर त्याला दुसरी जागा दाखवायला नको का, असं त्याचं म्हणणं. तो सगळ्यांना आनेकलच्या पुढं माळावर एक एकटा वड आहे, तिकडे पाठवतो. सांगतोही कसा, तर बसच्या कंडक्टरसारखा: आनेकल, आनेकल, चला पुढं. सकाळी पान रिकामं दिसलं की बिऱ्हाड हललं, कुऱ्हाड चालवायची. मी विचारलं, भात कावळ्यानं खाल्ला असेल तर? तो म्हणाला, मग सामान कावळ्यानं वाहून नेलं, तुझ्या काय बापाचं गेलं.

३० ऑक्टोबर

मोठं काम मिळालं. जयनगरात अप्पासाहेब म्हणून फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घर बांधतात. जागेवर बुजवलेली विहीर आहे आणि तिच्या काठाला जुना करंज. इथले लोक त्याला होंगे म्हणतात. दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्या सावलीत गवत नाही, मुंगीसुद्धा नाही. व्यंकोजीनं येऊन बघितलं, बुंध्याला हात लावला आणि हात धोतराला पुसला. नीट सांग हं याला, एवढंच म्हणाला.

या कामानंतर माझं नाव होईल. म्हणून ठरवलं, परवा नयनाच्या वडिलांकडे, श्रीधररावांकडे जायचं.

१ नोव्हेंबर

गेलो. बसवनगुडी, बसवण्णाच्या देवळामागची गल्ली. दारात सोनचाफा आहे, त्याचीच फुलं मी गेल्या वर्षी तिला चढून काढून दिली होती. श्रीधरराव झोपाळ्यावर होते. सरकारी कचेरीतले मोठे हेडक्लार्क, शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत बंद. मी सरळ विचारलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. म्हणाले, वा, म्हणजे विज्ञान शाखा सोडून तुम्ही झाडाच्या शाखेत गेलात. मग म्हणाले, आमच्याकडे माकडांना फुटाणे घालतात, मुली नाही देत. आत कुणीतरी फिसकन् हसलं. नयना नव्हे. नयना दारात कॉफीचा पेला घेऊन उभी होती, आणि पेला तिच्या हातात तसाच राहिला.

मी नमस्कार केला. मी, जो परीक्षानळ्या फोडतो. बाहेर आलो, चाफ्याला हात टेकला, आणि चालत गवीपूर गाठलं. कान अजून गरम आहेत.

२ नोव्हेंबर

संध्याकाळी करंजाला दोरा बांधला, भात ठेवला. अप्पासाहेबांना घाई. वर बघितलं आणि आनेकल म्हणायला तोंड उघडलं. पण कानात ते हसू होतं. मी म्हटलं: बसवनगुडी, बसवण्णाच्या देवळामागची गल्ली, श्रीधररावांच्या दारातला सोनचाफा. नीट, सावकाश, पत्ता सांगावा तसा. आणि म्हटलं, तिथं सुखानं राहा, माकडाची शिफारस आहे म्हणून सांगा.

छान वाटलं. येताना शीळ घालत आलो.

३ नोव्हेंबर

पान रिकामं होतं. शीत नाही, दह्याचा डाग नाही, धुतल्यासारखं. करंज दुपारच्या आत पडला. खोडाच्या आत हात घातला तर विहिरीच्या दगडासारखं गार. अप्पासाहेबांनी पाठ थोपटली, आणखी दोन घरांना नाव सांगतो म्हणाले.

८ नोव्हेंबर, दिवाळी

गोदूबाई श्रीधररावांकडे फराळाला हात लावायला गेल्या होत्या. मला चकल्या देता देता म्हणाल्या की त्यांच्या दारचा चाफा वेड्यासारखा फुलला आहे, पान दिसत नाही, पण वासच नाही मेल्याला. आणि म्हणाल्या, नयनाचा पाय बधिर झालाय. शुक्रवारी सकाळी फुलं वेचायला चाफ्याखाली गेली, तेव्हापासून. थंडी बाधली असेल म्हणून तेल चोळतात.

शुक्रवारी म्हणजे तीन तारखेला.

चकली खाल्ली. कशी होती ते आठवत नाही.

११ नोव्हेंबर

गल्लीत गेलो. नयना चाफ्याला पाठ टेकून उभी होती. दोन्ही तळवे वर, तोंड उन्हाकडे. मी हाक मारली. तिनं बघितलं, रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघावं तसं. खोडावरून मुंग्यांची रांग तिच्या मानेवर आली होती, तिथून गालावर, आणि डोळ्याच्या कडेनं परत खोडावर. तिनं हात हलवला नाही. ऊन सरकलं तसं तिचं तोंड सरकलं.

तिची आई दाराच्या पायरीवर बसून होती. तिनं मला हाकललंसुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर

व्यंकोजीला सांगितलं. वाटलं होतं मारेल. त्यानं बिडी पायाखाली विझवली. मग म्हणाला, ज्योतिबा, मी आयुष्यभर झाडाला झाड दिलं. माळावरचं दिलं, का, तर त्याला टेकून कुणी बसत नाही. तू दारातलं दिलंस. दारातल्या झाडाला माणसं टेकतात रे.

आता काय करायचं असं विचारलं. तो म्हणाला, त्या घरानं बोलवल्याशिवाय तू त्या झाडाला हात लावू शकत नाहीस.

१६ नोव्हेंबर

बोलावणं आलं. म्हणजे श्रीधरराव स्वतः आले, टोपी हातात घेऊन, वरचं बटण उघडं. म्हणाले, डॉक्टरनं नयनाच्या पायाला सुई टोचली, रक्त आलं नाही. ती जेवत नाही, तांब्याभर पाणी पिते आणि परत झाडापाशी जाऊन उभी राहते. आत ओढली तर उन्हाकडे वळते. ते झाड तेवढं काढा, ज्योतिबाराव.

मला ज्योतिबाराव म्हणाले. हे ऐकायला मी काय दिलं नसतं. आता ऐकलं आणि काहीच झालं नाही.

मी त्यांना खरं सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर

काल दोरा बांधला, भात ठेवला, आनेकलच्या वडाचं नाव सांगितलं. सकाळी भात तसाच. वरून वाळलेला. कावळासुद्धा आला नव्हता. आज परत ठेवला. हात जोडले. माळ कसा मोकळा आहे, वड किती मोठा आहे, सगळं सांगितलं. गल्लीतले लोक बघत होते. एक जण म्हणाला, झाडाला एवढं पटवतोय तर पोरीच्या बापाला का नाही पटवलं. मला राग आला नाही.

१९ नोव्हेंबर

भात तसाच. नयनाच्या पापण्या आता मिटत नाहीत. तिची आई ओल्या फडक्यानं डोळे पुसते.

व्यंकोजी आला, पान बघितलं. म्हणाला, माणसाच्या उबेची सवय लागली त्याला. लाकडात आता परत जायचं नाही ते.

मग मी तिसऱ्यांदा भात ठेवला. व्यंकोजीनं हात धरायच्या आत तळवा खोडावर ठेवला आणि पत्ता सांगितला: गवीपूर, गोदूबाईंची मागची खोली, ज्योतिबा.

२० नोव्हेंबर

पान धुतल्यासारखं.

चाफा पाडला. शेवटचा घाव घातला आणि घरातून नयनाचा आवाज आला, कॉफीत साखर का नाही घातली म्हणून ती आईवर ओरडत होती. श्रीधरराव रडले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. घेतलेला मी बघितला, जाणवला नाही.

२४ नोव्हेंबर

श्रीधरराव मुलगी द्यायला तयार आहेत. गोदूबाईंनी गूळ वाटला. मला म्हणाल्या, तोंड का असं ठोकळ्यासारखं करून बसलायस?

डाव्या पायावर कुऱ्हाड निसटली होती, सकाळी. आत्ता संध्याकाळी बघतो. रक्त नाही. तांबूस चिकट काहीतरी, डिंकासारखं.

२७ नोव्हेंबर

नयना आली, आईबरोबर. त्या चाफ्याचं शेवटचं फूल तिनं जपून ठेवलं होतं. म्हणाली, आता याला वास येतो, बघ. मी नाकाशी धरलं. येत असेल.

तिनं माझ्या हाताला हात लावला आणि काढून घेतला. किती गार, म्हणाली. परत लावला. आणि माझ्या आत काहीतरी तिच्याकडे वळलं. उन्हाकडे वळावं तसं. ते प्रेम नव्हतं. प्रेम मला माहीत आहे. होतं.

गोदूबाईंना सांगितलं, तिला परत येऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, वेडा आहेस का.

३० नोव्हेंबर

ती रोज येते. दाराबाहेरून बोलते — लग्नाचं, साडीचं. मी कडी लावून बसतो. ती बोलते तिथं भिंतीला माझी पाठ टेकते. मी टेकत नाही. टेकते.

२ डिसेंबर

दिवसभर अंगणात. कधी उठलो माहीत नाही. गोदूबाईंनी अंगावरून मुंग्या झाडल्या — रडत होत्या. भूक नाही. पाणी.

४ डिसेंबर

आईचं नाव आठवत नाही. गावाचं — नदीकाठी होतं. एकच नाव राहिलंय. बाकी सगळं गळतंय, ते मात्र —

६ डिसेंबर

जीभ हलत नाही. बोटं अजून —

नयना आत आली होती. गोदूबाईंनी कडी काढली. माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. बराच वेळ. उठताना म्हणाली, पायाला मुंग्या आल्या.

व्यंकोजीला बोलवा म्हणून लिहून दिलं.

७ डिसेंबर

व्यंकोजी आलाय. माझ्या कमरेला हळदीचा दोरा बांधला. समोर पान. भात. म्हणतो झाड बोलत नाही म्हणून आपण बोलतो, तू माणूस आहेस — तूच सांगायचं. जीभ नाही तर लिही.

माझं नाव लिही म्हणतो. म्हातारा झालो, गुडघे तसेही लाकूडच, म्हणून हसतो. व्यंकोजी, सुलतानपेठ. एवढंच लिही पोरा. मी वाचून दाखवतो मोठ्यानं, की झालं.

लिहितो. व्यं —

हात माझा नाही. वही ओढ, व्यंकोजी — वाचू नको, मोठ्यानं वाचू नको —

बसवनगुडी, बसवण्णाच्या देवळामागची गल्ली, श्रीधररावांची