मेंढ्यांनी निवडलेला शांपू

विंझरच्या वरची वाडी, ता. वेल्हे
बुधवार, सकाळ

तीर्थरूप पारूआत्यांना दिपालीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेला मलम दिवसातून दोन वेळा लावायचा होता, एका दिवसात दोन ट्यूब नव्हे. मामांचा खोकला थांबला का? नूतनवहिनींची शिलाई मशीन दुरुस्त होऊन आली का? भाटघरला तुमच्या घरी राहून मी तीन वर्षं कॉलेज केलं, त्यामुळे तिथल्या भिंतीवरच्या पालीसुद्धा मला ओळखीच्या आहेत. त्यांनाही विचारलं म्हणून सांगा.

फोनच केला असता, पण तुम्ही मोबाईल कायम स्पीकरवर ठेवता आणि माझं बोलणं धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जातं. म्हणून पत्र. नूतनवहिनी वाचून दाखवतीलच. (वहिनी, जे कंसात आहे ते मनातल्या मनात वाचायचं. "मधीच का गं थांबलीस?" असं आत्यांनी विचारलं तर ठसका लागला म्हणा.)

तर आत्या, मी जिंकले. आधी हे सांगून टाकते, नाहीतर मधला भाग ऐकताना तुम्हाला उगाच काळजी वाटेल.

आमच्या बचत गटाला वेल्ह्याच्या बाजारात गाळा मिळाला आहे. गाळा म्हणजे पत्र्याची टपरी. आत दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीनं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, एवढीच. तिथे केसांचं आणि तोंडाला लावायचं सामान ठेवायचं हे सगळ्यांना पटलं, कारण ते आम्ही नाहीतरी दर बाजाराला विकत घेतोच आणि दर वेळी फसतो. प्रश्न होता टपरी कुणी चालवायची. एका बाजूला रतनबाई. त्या नसरापूरला एका मीटिंगला गेल्या होत्या आणि येताना 'रूपसंपदा' नावाच्या किटची एजन्सी घेऊन आल्या. बाराशे रुपयांच्या खोक्यात शांपू, क्रीम, तेल आणि एक आरसा. (वहिनी, आरसा एवढा लहान आहे की त्यात एका वेळी एकच डोळा सुंदर दिसतो.) दुसऱ्या बाजूला मी. माझं म्हणणं असं की पन्नास रुपयांच्या वरची एकही वस्तू ठेवायची नाही, आणि प्रत्येक वस्तूखाली ती वापरून पाहून लिहिलेली खरी चिठ्ठी लावायची. वस्तू काय करते आणि काय करत नाही, दोन्ही.

मला ती टपरी किती हवी होती हे मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाच सांगते. बीएस्सी होऊन दीड वर्ष झालं. आपल्या घरातली पहिली पदवी म्हणून आबांनी वेल्ह्यापर्यंत पेढे वाटले. त्यानंतर माझ्या पदवीचा वाडीला झालेला उपयोग म्हणजे औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून दाखवणं. ते मी मनापासून करते, पण त्यासाठी केमिस्ट्री लागत नाही.

गटाच्या अध्यक्ष फुलाबाई. त्यांनी निवाडा दिला, "पाच आठवड्यांनी सोमवारी सांजच्याला दिपीच्या अंगणात बसायचं. जिचं म्हननं पटंल, तिला किल्ली." मी लगेच कामाला लागले.

क्रीमपासून सुरुवात केली. गोरेपणाचं चाळीस रुपयांचं क्रीम अठ्ठावीस दिवस फक्त डाव्या हाताला लावलं. एकोणतिसाव्या दिवशी आईपुढे दोन्ही हात धरले आणि विचारलं, कुठला गोरा? आईनं दोन्ही हातांत एकेक घागर दिली आणि ओढ्याकडे बोट दाखवलं. मी चिठ्ठी लिहिली, "हात गोरा होत नाही. मऊ होतो. मऊच हवा असेल तर खोबरेल स्वस्त पडतं." काजळाची चिठ्ठी, "काळंभोर. कांदा चिरायच्या दिवशी घालू नये." मग केसांचा कलप. आबांच्या मिशीच्या उजव्या बाजूला दहा रुपयांची काळी मेहंदी आणि डावीला बाटलीतला महाग कलप. आबा बिचारे माझ्या शिक्षणासाठी काहीही करतील. पण मिशीला दोन रंग चढले आणि नेमकं त्याच दिवशी त्यांना दाखल्यासाठी ग्रामसेवकांकडे जावं लागलं आणि तिथे, "हरिबा, तुमच्यासोबतचे दुसरे गृहस्थ कुठे आहेत?" असं ग्रामसेवकांनी विचारलं. (वहिनी, उजवी बाजू अजून काळी आहे. डावी आठवड्यात जांभळी झाली. स्वस्त वस्तू जिंकली, पण आबा आता डावीकडून कुणाशी बोलत नाहीत.)

अडलं ते शांपूपाशी. खरी तुलना करायची तर एकाच डोक्याच्या दोन बाजूंना दोन शांपू लावायला हवेत. आई तयार झाली. दोन दिवस तिचा अंबाडा डावीकडे बसत होता आणि उजवीकडे उठत होता. तिला पाहिल्यावर बाकीच्या सगळ्या मागे सरल्या. फुलाबाई म्हणाल्या, "दिपे, येका अंगाचं क्यास हुबं ऱ्हायलं तर म्या लग्नाच्या पंगतीत कुनच्या अंगानं बसू?" सोमवार उद्यावर आला आणि माझ्या वहीत शांपूची सगळी पानं कोरी.

आता नीट ऐका. आपल्याकडे लोकर कातरायच्या आधी मोठी मेंढरं ओढ्यावर धुतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचं माहेरच हे. पण कोकरांना कुणी धूत नाही. सोमवारी सकाळी आबा मेंढ्या घेऊन डोंगराकडे गेले आणि मागे वाघरीच्या जाळीत दहा कोकरं उरली. सारख्या वयाची, सारख्या लोकरीची, तक्रार न करणारी. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की नमुने एकसारखे असावेत. मला इतका आनंद झाला की मी चहासुद्धा सोडला.

पाच वस्तू, प्रत्येकी दोन कोकरं. 'चमचम'ची दोन रुपयांची पुडी, 'गुलाबकळी'ची दोन रुपयांची पुडी, एक बाळांचा शांपू, रतनबाईंचा रूपसंपदा (तपासायला द्या म्हटल्यावर त्यांनी टोपण भरून मोजून दिला), आणि पाचवी आमच्या न्हाणीच्या फळीवरची बिनलेबलची बरणी. आत मातकट रंगाची पूड, वास शिकेकाईचा. घरगुतीही एक असावं म्हणून घेतली. कोमट पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, गळ्यात रंगीत दोरे बांधले. रूपसंपदाला लाल, बरणीला निळा. वहीत रकाने आखले: फेस, चमक, गुंता, वास. दुपारपर्यंत वाघरीत दहा ढग बसल्यासारखे दिसत होते. माझ्या आयुष्यात मी इतकं नीटनेटकं काम केलं नव्हतं.

मेंढी आपलं पिल्लू वासावर ओळखते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. फक्त त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

संध्याकाळी सगळ्या बायका अंगणात येऊन बसल्या, रतनबाई किट मांडीवर घेऊन सर्वांत पुढे, आणि त्याच वेळी कळप परतला. कोकरं नेहमीसारखी आयांकडे धावली. मेंढ्यांनी एकेकीनं हुंगलं आणि एकेकीनं ढुशी मारली. गुलाबाचा वास येणारं हे कोण, असा चेहरा करून मेंढ्या आपलं पिल्लू शोधायला वाडीभर पळाल्या आणि त्यांचीच पिल्लं मागून ओरडत पळाली. एक मेंढी थेट फुलाबाईंच्या मांडीवरून गेली. रतनबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच शिकिवलं व्हय गं कालिजात? लेकरं उपाशी मारायला?"

आत्या, मला रडू आलं. टपरीचं नव्हे, कोकरांचं. आबांनी काठी ठेवली, एका मेंढीची मान काखेत धरली, तिचं दूध हातावर काढून तिच्याच कोकराच्या अंगाला आणि शेपटीला चोळलं आणि मग कोकरू तिला लावलं. "बघत काय बसलायसा? येकेक धरा," एवढंच म्हणाले. बचत गटाच्या अध्यक्षांपासून सगळ्यांनी पदर खोचले. रतनबाईंनी किट खाली ठेवलं आणि सर्वांत दांडगी मेंढी त्यांनीच धरली, हे मी खोटं बोलणार नाही. अंगणात मेंढीगणिक एक बाई, अशी आमची मीटिंग सुरू झाली.

तेवढ्यात आबांनी विचारलं, "दिपा, ही निळ्या दोऱ्याची दोन कशी काय पित्यात? ह्यांना धुतलं न्हाई व्हय?"

मी पाहिलं. निळ्या दोऱ्याची दोन्ही कोकरं आपापल्या आईखाली शेपट्या हलवत निवांत पीत होती. त्यांच्या आयांना कुणी धरलंही नव्हतं. ती मी बाकीच्यांइतकीच धुतली होती, उलट दोनदा धुतली होती, कारण फेस कमी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एका हातानं मेंढी आणि दुसऱ्या हातानं वही धरून सगळ्यांना सांगितलं की बरणीतली पूड मळ काढते आणि आपला वास मागे ठेवत नाही. वासावरून केसांचा सगळा गुण कळत नाही हेही सांगितलं, खोटं कशाला? पण लोकर बघा, निळी दोन हाताला किती मोकळी लागतात. बायकांनी हात लावून पाहिला, म्हणजे ज्यांचा एखादा हात मोकळा होता त्यांनी. लाल दोऱ्याची सगळ्यांत जास्त चमकत होती, तेही मी सांगितलं. पण त्यांच्या आया पार ओढ्यापलीकडे जाऊन उभ्या होत्या. (वहिनी, त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी दुपारी ओळख दाखवली. वहीत नोंद आहे.)

फुलाबाई म्हणाल्या, "आय लेकराला वळखंना, असली बाराशेची चमक मला नगं. दिपीला टपरी द्यायची त्यांनी हात वर करा." कुणाचाच हात वर येईना, कारण सगळ्यांचे हात मेंढ्यांच्या मानेवर. साळूबाईंनी चुकून केला आणि त्यांची मेंढी निसटली. मग तोंडी विचारलं. सगळीकडून "दिपीला, दिपीला" असा आवाज आला, त्यात मेंढ्यांचाही होता. विरोधात कोण, असं विचारल्यावर रतनबाईंनी ताडकन दोन्ही हात वर केले. त्यांची दांडगी मेंढी त्यांच्या किटवरून गेली. आरसा वाचला.

दहाही कोकरं त्याच दिवशी प्याली, काही आई धरून ठेवल्यावर, पण उपाशी एकही राहिलं नाही. टपरीची किल्ली माझ्या गळ्यात आहे. आबांनी काल पुन्हा पेढे आणले आणि ते विंझरच्या बाजूनं वाटत गेले, म्हणजे मिशीची उजवी बाजू लोकांकडे राहते. निळ्या दोऱ्याची पूड आमची पहिली वस्तू. आजूबाजूच्या वाड्यांतून आत्ताच पस्तीस जणींनी नावं दिली आहेत.

मामांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
दिपाली

ता. क. पत्र लिहायला बसले त्याचं खरं कारण लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे धीर झाला नाही. ती बिनलेबलची बरणी तुम्हीच जत्रेला आलात तेव्हा आणली होती, असं आई म्हणते. आत काय काय आहे आणि किती प्रमाणात, ते वहिनींकडून लिहवून घ्या आणि तयार असेल तेवढी पूड येत्या बाजाराच्या आत दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवा. बरणीत आता तीनच चमचे उरले आहेत आणि मी पस्तीस जणींना शब्द दिला आहे.

ता. क. दुसरा. टेम्पो अजून आला नाही म्हणून आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली आणि मग सांगितलं की ती पूड डोक्याची नाहीच. तुम्ही ती आमच्या म्हशीला उवा झाल्या होत्या म्हणून आणलीत. आत्या, फुलाबाईंनी कालच ती पूड लावून डोकं धुतलं.

ता. क. तिसरा. टेम्पो ओढ्यापाशी हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत. चिठ्ठी खरीच लावायची असं मीच म्हणाले होते, म्हणून तशीच गेले आणि फुलाबाईंना सगळं सांगितलं. रतनबाई तिथेच होत्या. आता किल्ली जाते, असं वाटलं. पण रतनबाईच म्हणाल्या, "डोक्याला मानूस काय बी फासतं. दुभत्या म्हशीला कुनी वाईट लावंल का?" आणि त्यांनी स्वतःचं नाव यादीत घातलं. आता छत्तीस झाल्या. चिठ्ठीवर मी ठळक लिहिलं आहे, "मुळात म्हशीसाठी." पूड जरा जास्तच पाठवा.