शंभरावर एक खडू

१२ जानेवारी १९८६, रविवार

एकट्यापुरता चहा गाळतोय तोवर शेजारची प्रेमा वर्तमानपत्र घेऊन दारात! "मास्तर, हे वाचा. सरकारला खडू पाहिजेत!"

सरकारी शाळांना वर्षभर खडू पुरवायचे, निविदा मागवल्या आहेत. चौकोन एवढासा, अक्षर मुंगीचं.

संपानंतर तिच्या नवऱ्याची, जयवंतची, गिरणी उघडली ती नाहीच. गेल्या वर्षी नवराबायकोंनी साचे आणले आणि चाळीच्या गॅलरीत खडू ओतायला लागले. पार्ल्याची आमची शाळा घेते— मी हेडमास्तरांच्या मानगुटीवर बसतो म्हणून. पण एका शाळेच्या खडूवर चार माणसं जगत नाहीत. जयवंतने सांगून टाकलंय, "मे म्हयन्यात गावाक जातलंव." शांतपणे म्हणाला. म्हणूनच खरं वाटलं.

प्रेमाला म्हटलं, "सरकार गॅलरीतले खडू घेणार होय!" ती गेल्यावर जाहिरात तीनदा वाचली.

१५ जानेवारी

अर्ज आणला. अठरा पानं! तेवीस वर्षं पोरांना समास सोडवायला शिकवतोय, पण असला समास पाहिला नव्हता. वाक्याचा कर्ता एका पानावर, क्रियापद दुसऱ्यावर. जयवंत विचारतो, "ह्येचो अर्थ काय?" अर्थ एवढाच— आधी बयाणा भरा. दोघांचे चेहरे उतरले. बाराव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल त्यास बयाणा माफ. खरं बोलायचं झालं की सरकार हळू आवाजात बोलतं.

२१ जानेवारी

उद्योग केंद्रात नोंदणीला. "कारखान्याचं नाव?" कारकुनाने विचारलं. मी 'शुभ्रा' आणि 'सुधाखंड' अशी दोन नावं घोकून गेलो होतो. तोंड उघडायच्या आत प्रेमा— "प्रेमा खडू." कारकुनाने लिहूनही टाकलं. माझं पांडित्य फुकट!

कारकून भला माणूस. म्हणाला, "नवीन लोक घाबरून दर पाडतात, मग माल पुरवताना मरतात. परवडेल तोच दर टाका. आणि पाकिटं उघडतील त्या दिवशी हजर राहा. नियम आहे, कुणी अडवणार नाही." माहितीच नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या खोलीत फळा टांगलाय. मी परीक्षक. 'देव' शब्द आठही विभक्तींत चालवायला घेतला, खडू चतुर्थीला किंचाळला आणि षष्ठीला मोडला. प्रेमा म्हणते, "फळा खराब आहे!" जयवंत पाणी कमी करून पुन्हा ओतायला बसला. एक दिवस सावली, मग ऊन.

बाह्या पांढऱ्या झालेल्या बघून प्रेमा: "मास्तर, पीठ मळलंत काय?"

९ फेब्रुवारी

संबोधनापर्यंत सुखरूप. आवाज नाही, धूळ नाही. झकास!

१७ फेब्रुवारी, सोमवार

निविदा टाकली. दोन पाकिटं, लाखेची सीलं, नमुन्याचा खोका. वांद्र्याहून परत येताना रिक्षात प्रेमा आनंदाने म्हणाली, "एकशे एक घातलेत हं."

"एकशे एक काय?"

"खडू. शंभर कसे देणार, मास्तर? आहेर कधी पुऱ्या आकड्याचा करतात? वर एक नको?"

अट चौदा: नमुना बरोब्बर शंभर नग. मीच तिला वाचून दाखवली होती. मोजून भरलेस का, ते मात्र विचारलं नाही. खोका तर आत गेलेला. अंधेरी येईपर्यंत जयवंत फक्त "वाट लागली" एवढंच बोलला. प्रेमा बाहेर बघत राहिली. आज तिची थट्टा केली नाही.

२४ फेब्रुवारी

आज पाकिटं उघडली.

सात निविदा. आमच्या पुढे एका मोठ्या कंपनीचा सफारीतला गृहस्थ. साहेबांनी आमचा खोका फोडला, मोजला. "एकशे एक."

सफारी उभी राहिली. "अट चौदा! बाद करा, साहेब."

प्रेमाही उभी राहिली. वाटलं, आता माफी मागते. म्हणाली, "साहेब, कमी तर नाहीत ना?"

साहेबांनी नियमांची पानं उलटून पाहिली. कमी असतील तर बाद. जास्तीबद्दल नियम गप्प. शंभर मोजून पुन्हा सीलबंद केले, एक हातात उरला. मग सगळ्यांचे दर फळ्यावर लिहायचे, तर शिपाई रिकाम्या हाताने परत आला. ऑफिसात खडूच नाही! साहेबांनी हातातल्या खडूकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. आणि सातही दर त्याच खडूने लिहिले— सफारीचासुद्धा. मोडला नाही, किंचाळला नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

दरात आम्ही दुसरे. सफारी पहिली. आता नमुन्यांची तपासणी.

८ मार्च

काही नाही.

१५ मार्च

काही नाही. जयवंत म्हणाला, "मास्तरानू, मुलींचे शाळेचे दाखले काढायला अर्ज लिहून द्या." हात दुखतो म्हणालो. बऱ्याच वर्षांनी खोटं बोललो. चांगलं जमलं.

२१ मार्च, शुक्रवार

पत्र आलं!! सफारीचे खडू तपासणीत मोडले. काम 'प्रेमा खडू'ला!

जयवंतने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि गॅलरीत जाऊन साच्यांना उगीचच तेल लावत बसला. प्रेमाने पेढे आणले. मला वाटीत अकरा. मोजावे लागले नाहीत.

३० मार्च, रविवार

एवढा माल गॅलरीत मावायचा नाही. जयवंतने बोरिवलीला, गोराईच्या धक्क्याकडे जाताना, एक शेड पाहिलीय. वर राहायला जागा. पाडव्याला जाणार.

गावाला जाऊ नयेत म्हणून अर्ज लिहिला, तर निघाले बोरिवलीला. अर्ज जरा जास्तच चांगला लिहिला गेला. आनंद आहे. आनंदच आहे.

फळा उतरवून ठेवला.

४ एप्रिल

प्रेमा नव्या जागेचं सांगत होती. ऊन चांगलं, नळ दारात, पाच माणसं ऐसपैस मावतील. मी म्हटलं, "गणती चुकली तुझी. तुम्ही दोघं, मुली दोन. चार होतात."

तिने फळा उचलून काखेत मारला आणि म्हणाली, "चारच कसे, मास्तर? वर एक नको?"