मोहाच्या झाडावरचा पोरगा

प्रिय चंदा,

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? फोन सोडून ही बाई कागद काळे काऊन करून राह्यली, असं म्हणशील. फोनवर तू मधेमधे बोलते, आणि हे मले एका दमात सांगायचं आहे. चहा ठेव आणि बस.

आमची दिव्यानी नर्सिंगसाठी रोज एसटीनं गडचिरोलीले जाते, ते तुले माहीतच आहे. दोन महिन्यांपासून एक पोरगा तिच्या मागं लागला होता. तोंडाले दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, बुडाखाली मोटारसायकल. थांब्यावर हा, एसटीच्या मागं हा, कॉलेजच्या फाटकाशी पुन्हा हाच. पोरीनं तोंडावर नाई म्हणून सांगतलं. नंबर ब्लॉक केला, तं दुसऱ्या नंबरावरून मेसेज, आज पिवळा ड्रेस छान दिसला. मंग पोरीचं पोट दुखायले लागलं, तेही बरोबर एसटीच्या वेळेले. तिचे बाबा म्हणे, लय शिकली, आता घरी बस. गुन्हा त्याचा आणि कोंडून घ्यायचं हिनं, असा आमच्या घरचा न्याय. मी भांडली तं त्यांनी जेवण सोडलं. संध्याकाळी भूक लागली तं गुपचूप जेवले, पण पोरगी काही घराबाहेर पडली नाई.

सध्या मोहाची फुलं वेचायचे दिवस. जंगलात वाघ फिरून राह्यला, म्हणून आम्ही बाया टोळीनंच जातो, मोठमोठ्यानं बोलत, घमेले वाजवत. परवा सकाळी दिव्यानीलेही ओढून नेलं, घरात सुकून चालली होती बिचारी. तं झुडपाआड पाला वाजला. आमच्या शेजारची बायनाबाई सरडा दिसला तरी गाव गोळा करते, ती ओरडली, वाघ. आम्ही सगळ्यांनी घमेले बडवले. झुडपातून निघाला काळा चष्मा आणि दुपट्टा, आणि आमच्याहून जोरात वाघ वाघ करत सरळ मोहाच्या झाडावर. एक चप्पल खाली, एक पायात. आम्ही म्हटलं, बाबू, वाघ नाई, उतर. उतरेचना. हसून हसून माझी वेचलेली फुलं सांडली.

आवाज ऐकून गावातले माणसं आले, दिव्यानीचे बाबाही आले. त्यातल्या लटारूभाऊनं विचारलं, तू इथी काय करून राह्यला? वरून उत्तर आलं, "पोरीवर प्रेम करून राह्यलो जी, काळजी वाटते म्हणून मागं येतो." माणसं खो खो हसले. लटारूभाऊ म्हणे, जीव टाकून राह्यला पोरगा, लावून द्या लग्न. दिव्यानीचे बाबा विचारात पडल्यासारखे दिसले.

तेव्हा दिव्यानी झाडाखाली जाऊन उभी राहिली. वर पाहून म्हणाली, "वाघाचं नुसतं नाव ऐकलं तं तू झाडावर चढला. मी दोन महिने रोज तुले पाहून राह्यली, मी कुठी चढू?" मंग कोणी हसलं नाई. तिचे बाबाच म्हणाले, चाल बेटा, ठाण्यात जाऊ.

तो उतरला, तोंडावरचा दुपट्टा निघाला. चंदा, तो तुझा कुलदीप आहे. लहान होता तेव्हाच पाहिला होता, पण नाक अजून तुझंच. मी ओळखलं तं त्यानं माझे पाय धरले, मावशी, आईले सांगू नको म्हणे. मी सांगून राह्यली, दुसऱ्या कोणाकडून तुले कळू नये म्हणून. तक्रार आम्ही दिली आहे आणि तू रडत आली तरी मी परत घेणार नाई. ठाण्यातल्या मॅडम म्हणाल्या, याले मनाच्या डॉक्टरकडं न्या. तेवढं कर. जवान पोरगा आहे, होते असं, म्हणून त्याले पाठीशी घालू नको. तू माझ्याशी बोलणं सोडशील, या भीतीनं दोन दिवस मले घास गेला नाई. तुझ्यासारखी दुसरी मैत्रीण मले नाई. पण येत्या सोमवारी दिव्यानी कॉलेजले चालली.

अजून तरी तुझीच,
प्रेमिला