श्लोकातला डाव

३ मार्च
टक् टक्, टक् टक्! मास्तर बाकावर पट्टी आपटत आणि आम्ही पन्नास पोरं एका सुरात श्लोक म्हणत असू. आज दुपारी डुलकीत तोच आवाज ऐकला नि युक्ती सुचली. बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या चाली मला कधी पाठ राहत नाहीत. शाळेतला श्लोक मात्र अजून एकही विसरलेलो नाही. म्हणून चालींचाच अनुष्टुभ केला—

प्यादे पुढे नृपाचे हो, मागे घोडा उडी भरे;
तिरका उंट बाहेर, राजा किल्ल्यात तो दडे!

उद्या वाचनालयात अंतिम सामना, दातांच्या डॉक्टरांशी. सलग सहा वर्षं तेच जिंकताहेत. शिवाय हिने बजावलंय, हरलात तर पट जेवणाच्या टेबलावरून कायमचा उचलायचा. चार महिने आम्ही पलंगावर ताटं घेऊन जेवतो, त्यामुळे तिचं चुकतं असंही म्हणवत नाही.

४ मार्च
फजिती! मला वाटलं, श्लोक मी मनात म्हणतोय. मी घोड्याला हात लावायच्या आधीच डॉक्टर उत्तराचं प्यादं धरून तयार. पंच म्हणाले, "आजोबा, जरा हळू. लोक पेपर वाचताहेत."

तरी राजा किल्ल्यात जाईपर्यंत ठीक चाललं. मग श्लोकच संपला. तिथेच दुसरा रचायला घेतला, त्याच्या एका ओळीतच पाऊण तास गेला. वजीर माघारी घ्यायला हवा होता, दिसत होतं. पण ओळीत दोन अक्षरं जास्त होत होती. पुढे नेला. वृत्त राहिलं, वजीर गेला.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. उरलेला डाव रविवारी.

६ मार्च
हिने टेबलासाठी नवं कापड आणलंय. घडी अजून मोडलेली नाही— एवढी तरी माणुसकी.

८ मार्च, रविवार
सकाळीच बेल. दारात डॉक्टरांच्या पत्नी! हातात डॉक्टरांची चिठ्ठी— 'डाव सोडला.' मी तीनदा वाचली. चार दिवस ते माझा श्लोकच घोकताहेत म्हणे. पटावर दुसरं काही दिसतच नाही. काल खुर्चीतल्या पेशंटला भूल द्यायची सोडून श्लोक ऐकवला.

"डाव तुमचा, काका. पण पुढचा श्लोक आत्ता लिहून द्या, म्हणजे हे या पहिल्यातून सुटतील. तो घेतल्याशिवाय मी घरी जायची नाही."

हिने त्यांना टेबलाशी बसवलंय, पटासमोर. तास झाला. एक ओळ सुचेल तर शपथ!